त्र्यंबकेश्वरचा हिरा मागणार कोण?

चौफुल्याहून न्हावऱ्याकडे निघालेला रस्ता पारगावजवळ भीमा ओलांडतो, केडगावचा दौंड तालुका मागे टाकतो आणि शिरूर तालुक्यात शिरतो. पुढे घोडनदीच्या काठी शिरूर. पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत इथे कंपनी सरकारच्या फौजेची मोठी छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी भीमेकाठी कोरेगावला दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेशी तिची गाठ पडली. ती लढाई आज महाराष्ट्राच्या प्रत्येक घरात ठाऊक आहे, दर १ जानेवारीला तिथे लाखो माणसे जमतात. त्या युद्धाच्या शेवटी दख्खनमधून काय काय उचलून नेले, कोणी नेले, त्याची वाटणी कशी झाली, हे मात्र आपण कधी नीट विचारलेलेच नाही.

परदेशात गेलेल्या मौल्यवान वस्तूंविषयी महाराष्ट्रात बोलणे निघाले की दोनच नावे पुढे येतात, वाघनखे आणि जगदंबा तलवार. माझे म्हणणे असे की आपली मागणी चुकीच्या टोकाने सुरू झाली आहे. ज्या वस्तूशी सर्वांत मोठे नाव जोडलेले आहे तीच आपण आधी मागतो. जी वस्तू लुटून नेल्याची नोंद खुद्द लुटणाऱ्यांच्या दप्तरात आहे, तिच्याबद्दल आपण चकार शब्द काढत नाही.

त्या वस्तूचे नाव नाशिकचा हिरा. जगभरातल्या रत्नांच्या पुस्तकांत तो ‘नासक डायमंड’ म्हणून आहे. मूळचा तेलंगणातल्या खाणींचा, निळसर झाक असलेला, वजनाने सुमारे ९० कॅरेट. तो त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाचा, अशी परंपरा आहे. १८१८ साली बाजीराव शरण आला त्या सुमारास तो इंग्रजांच्या हाती पडला, कर्नल ब्रिग्जमार्फत गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जकडे पोचला आणि तिथून लंडनला गेला. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी तो घेतला. १८३७ साली वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने तो लिलावात विकत घेतला आणि दरबारी तलवारीच्या मुठीत बसवला. जवळपास शतकभर तो त्याच घराण्यात राहिला. पुढे पॅरिसचे जवाहिरे मोबुसाँ यांच्याकडून तो अमेरिकेत गेला. १९४०मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने त्याला नव्याने पैलू पाडले आणि त्याचे वजन ४३.३८ कॅरेटवर आणले. १९७०मध्ये न्यूयॉर्कला त्याचा पुन्हा लिलाव झाला आणि मालवाहतुकीच्या धंद्यातल्या एका अमेरिकन उद्योजकाने तो घेतला.

या प्रवासातला एक टप्पा मला फार महत्त्वाचा वाटतो. हिरा अमेरिकेत उतरला तेव्हा तो कलात्मक पुरातन वस्तू म्हणून जकातीशिवाय आणला होता. त्यावर एका प्रतिस्पर्धी जवाहिऱ्याने हरकत घेतली आणि प्रकरण जकातीच्या न्यायालयात गेले. हा हिरा पुरातन कलावस्तू आहे की नुसता घडवलेला दगड, यावर तिथे साक्षीपुरावे झाले. शेवटी अपिलाच्या न्यायालयाने ठरवले की ही पुरातन कलावस्तू नाही, जकात भरावी लागेल. एका देवस्थानाच्या हिऱ्यावर परदेशी न्यायालयात खल झाला तो फक्त आयातकरापुरता. तो मुळात कोणाचा, हा प्रश्न त्या खटल्यात कोणाच्याच कामाचा नव्हता. तो विचारू शकेल असा देश तेव्हा स्वतंत्रही नव्हता. आज आहे.

त्या काळच्या लुटीला एक व्यवस्था होती, तीही समजून घ्यायला हवी. शिपाई घरात घुसला आणि हाताला लागेल ते घेऊन पळाला, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. तेही घडले असेल. पण मोठी लूट रीतसर होत असे. जिंकलेल्या मुलखातली रोकड, जडजवाहीर, तोफा, सामान एकत्र करायचे, त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांनी त्याची यादी करायची, लिलाव करायचा आणि हुद्द्याप्रमाणे वाटण्या करायच्या. १८१७-१८च्या युद्धातल्या या ठेव्याला ‘डेक्कन प्राइझ’ असे नावच पडले. त्यात जास्त वाटा कोणाचा, हेस्टिंग्जच्या सेनेचा की सर थॉमस हिस्लॉपच्या दख्खन सेनेचा, हा वाद लंडनमध्ये वर्षानुवर्षे चालला. वाटपासाठी विश्वस्त नेमावे लागले. त्यांत ड्यूक ऑफ वेलिंग्टन होता, म्हणजे १८०३ साली असईला मराठी फौजेशी लढलेला तोच आर्थर वेलस्ली. इतकी मोठी माणसे इतकी वर्षे ज्या ठेव्यावरून भांडली त्याचे कागद उरतातच. आपल्या दाव्याचा पुरावा त्यांनीच लिहून ठेवला आहे.

‘तेव्हाच्या कायद्याने ते सारे वैधच होते’ असे उत्तर इंग्रजांच्या बाजूने नेहमी येते. त्याला पुण्यातलेच उदाहरण आहे. नारो गोविंद औटी हा बाजीरावाच्या विश्वासातला माणूस, रायगडाचा किल्लेदार. युद्ध जवळपास संपल्यावर, १८१८च्या जुलैमध्ये, पुण्यात इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याची मोठी संपत्ती पेशव्याचा खजिना म्हणून जप्त केली. त्याच्या वतीने दावा लागला. मुंबईच्या सुप्रीम कोर्टात, इंग्रज न्यायाधीशांपुढे, निकाल औटीच्या बाजूने लागला. पुढे प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेले आणि १८३० साली तो निकाल फिरवला गेला. कारण असे दिले की ही युद्धातली जप्ती आहे आणि युद्धातल्या जप्तीत नागरी न्यायालयाने हात घालायचा नसतो. ‘एल्फिन्स्टन विरुद्ध बेद्रीचंद’ या नावाने हा खटला कायद्याच्या पुस्तकांत आहे. म्हणजे त्या काळी अन्यायाची जाणीव नव्हती असे कोणी म्हणू नये. तक्रार झाली होती, पुरावा मांडला होता, त्यांच्याच न्यायाधीशांना तो पटला होता. मग न्यायाचे दारच बंद करण्यात आले. बंद केलेल्या दाराला वैधतेचा दाखला म्हणता येत नाही.

आता वाघनखांकडे वळू. ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या मालकीची आहेत. साताऱ्याचा पहिला रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ, म्हणजे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा तोच, याच्या घराण्यातून ती संग्रहालयात आली. सोबतच्या पेटीवर लिहिले आहे की ही शिवाजी महाराजांची वाघनखे असून ती पेशव्यांच्या पंतप्रधानाने ग्रँट डफला दिली. पेशवा हाच छत्रपतींचा पंतप्रधान होता, आणि ग्रँट डफ साताऱ्याला आला तोवर पेशवाई बुडाली होती. हा मजकूर कोणी, कधी आणि कशाच्या आधारे लिहिला हे कळत नाही. प्रतापगडावर वापरलेली वाघनखे हीच, याची खात्री देता येत नाही, असे खुद्द संग्रहालय सांगते. महाराष्ट्रातल्या इतिहास अभ्यासकांनीही तो आक्षेप जाहीरपणे घेतला. तरी २०२३मध्ये करार झाला, जुलै २०२४मध्ये वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली आणि मोठा सोहळा झाला. ती तीन वर्षांसाठी उसनी आली आहेत, मालकी लंडनचीच राहिली आहे. साताऱ्याला जाऊन ती पाहिलेल्यांच्या भावनेला मी नावे ठेवत नाही. महाराजांच्या नावाने मन भरून येणे हे आपल्या मातीत आहे. पण ज्या वस्तूच्या ओळखीचीच खात्री नाही ती उसनी आणण्यात शासनाने इतकी ताकद लावावी आणि नाशिकच्या हिऱ्याबद्दल एक पत्रही लिहिल्याचे ऐकू येऊ नये, हे मला सहन होत नाही.

जगदंबा तलवारीचे प्रकरण आणखी वेगळे. ती इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. १८७५-७६मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी ती भेट दिली, अशी नोंद आहे. त्यामुळे ती लूट नव्हे, भेट होती, असे म्हणून हात झटकले जातात. पण देणारे कोण होते ते पाहा. चौथे शिवाजी महाराज तेव्हा जेमतेम १२ वर्षांचे होते. दत्तक आलेला मुलगा, राज्याचा कारभार इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली. पुढे वेडसर ठरवून त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले गेले आणि १८८३ साली तिथेच त्यांचा अंत झाला. अशा मुलाच्या हातून गेलेली वस्तू स्वखुशीची भेट मानायला माझे मन तयार नाही. आज कोणतेही न्यायालय १२ वर्षांच्या मुलाची सही ग्राह्य धरणार नाही. जगदंबेचा दावा मांडायचा तर या मुद्द्यावर मांडावा. ती महाराजांच्या हातातली होती की नाही, या वादात तो बुडवू नये. वस्तू कोणाची होती यापेक्षा ती कशी गेली, या प्रश्नावर दावा भक्कम उभा राहतो.

पण ‘आपली वस्तू’ म्हणताना आपण कोण, याचेही उत्तर द्यावे लागते. आमच्या भागात ते टाळता येत नाही. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावे आहेत त्यांत महार शिपाई मोठ्या संख्येने आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, आणि आज तिथे जमणाऱ्या माणसांसाठी पेशवाईचा शेवट ही हळहळण्याची गोष्ट नाही. ज्या नाशिक जिल्ह्यातल्या देवाचा हा हिरा, तिथे काळाराम मंदिराच्या दारापाशी १९३०पासून सत्याग्रह करावा लागला. केडगावात पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभारले ते विधवांसाठी, दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींसाठी, जुन्या व्यवस्थेने ज्यांना माणसांत मोजलेच नव्हते त्यांच्यासाठी. त्या गावात राहून पेशव्यांच्या जवाहिरखान्यासाठी उसासे टाकणे मला जमणार नाही.

यावर कोणी म्हणेल, मग हिऱ्याची चिंता कशाला? ज्यांना त्या देवळाची पायरी चढू दिली नाही त्यांनी त्या देवाच्या दागिन्यासाठी का भांडावे? मला तर नेमके उलट वाटते. देवस्थानाकडे काय आणि पेशव्यांच्या कोठीत काय, सोने आणि रत्ने आली ती अखेर रयतेच्या घामातून. भीमाकाठच्या कुणब्याने भरलेला सारा, गावकीची कामे करणाऱ्यांची वेठ, बलुतेदारांचे कष्ट, हे सारे त्या दौलतीत आहे. राज्यकर्ता हरला म्हणून रयतेचा हक्क नाहीसा होत नाही. म्हणून परत मागायचे ते सर्वांच्या नावाने मागावे. हिरा आला तर तो बंद तिजोरीत जाऊ नये, कोणा घराण्याच्या ताब्यातही जाऊ नये. सार्वजनिक संग्रहालयात, कोणालाही जाता येईल अशा ठिकाणी तो ठेवावा, आणि शेजारच्या फलकावर त्र्यंबकेश्वर, १८१८ आणि काळाराम या तिन्हींचा उल्लेख असावा. अशा मागणीमागे कोरेगावला जाणारा माणूसही उभा राहील. नुसत्या मराठेशाहीच्या वैभवाच्या नावाने केलेल्या मागणीमागे तो का उभा राहावा?

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. वस्तू तिकडे राहिल्या म्हणून टिकल्या, इथे असत्या तर धुळीला मिळाल्या असत्या, हे आपल्यातलेही पुष्कळ लोक बोलतात. अजिंठ्याचे उदाहरण घ्या. रॉबर्ट गिलने आयुष्याची अनेक वर्षे घालवून तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवल्या. त्या लंडनला पाठवल्या आणि १८६६मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा वर्षानुवर्षे काम केले. तीही चित्रे लंडनला गेली आणि १८८५च्या आगीत त्यांतली बरीच नष्ट झाली. मूळ चित्रे मात्र अजिंठ्याच्या गुहांमध्ये आहेत, झिजलेली, पण आहेत.

तरीही या आक्षेपात एक बोच आहे आणि ती मी झटकणार नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. पोथ्या, ग्रंथ, जुनी चित्रे यांची नासधूस आपल्याच माणसांनी केली. लंडनच्या कोणत्याही कचेरीत आपण वस्तू मागायला गेलो की हा दिवस आपल्यासमोर ठेवला जाणार. भीमेच्या खोऱ्यात गावोगावी देवळाबाहेर वीरगळ पडलेले दिसतात, कुठे तैलरंगाने माखलेले, कुठे ओट्याच्या पायरीत बसवलेले. परदेशातली तलवार मागणाऱ्या समाजाने गावच्या वीराचा दगड तरी उभा करून ठेवावा, ही अपेक्षा रास्तच आहे.

आणि आपल्याला हे जमते, याचा पुरावाही इथेच आहे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला १९६८पासून डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी, बारा-पंधरा वर्षे उत्खनन केले. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे अख्खे गाव त्यांनी मातीखालून वर काढले. मातीच्या पेटीत ठेवलेली बिनडोक्याची देवीची मूर्ती, सोबत बैल, चार पायांच्या रांजणात बसवून पुरलेला माणूस. कोणती वस्तू कोणत्या थरात, कोणत्या घरात, कशाशेजारी सापडली याची बारीक नोंद झाली आणि ती प्रसिद्धही झाली. मातीची ती ओबडधोबड मूर्ती लंडनच्या लिलावात कदाचित फारशी किंमत मिळवणार नाही. पण तिच्याबद्दल जितके खात्रीने बोलता येते तितके वाघनखांबद्दल येत नाही. हेच उत्खनन १८८०च्या सुमारास एखाद्या हौशी इंग्रज अधिकाऱ्याने केले असते तर ती देवी आज कुठल्या तरी संग्रहालयाच्या तळघरात, ‘दख्खन’ एवढ्याच नोंदीनिशी, पडून असती.

सगळ्याच गोष्टी परत आणाव्या लागतात असेही नाही. रमाबाईंनी वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेली पत्रे इंग्लंडला गेली ती रमाबाईंच्याच हाताने, टपालाने. जेराल्डिनबाईंनी ती जपली, जुळवली, आणि १९७७मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो पत्रव्यवहार छापला. धर्माच्या बाबतीत आपल्या मार्गदर्शक बाईंशी बरोबरीने वाद घालणारी रमाबाई त्यामुळे आपल्याला वाचायला मिळाली. पत्राचा मजकूर मिळाला की बरेच काही मिळते. हिऱ्याच्या बाबतीत ती सोय नाही, त्याचे छायाचित्र कोणाच्या उपयोगाचे? त्यामुळे कुठे मूळ वस्तूच हवी आणि कुठे नक्कल पुरते, हे आपण आधी ठरवावे. अवाजवी मागण्यांनी वाजवी मागण्या दुबळ्या होतात.

अलीकडे तिसराच रस्ता रूढ होऊ लागला आहे, विकत घेण्याचा. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार एप्रिल २०२५मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात निघाली तेव्हा महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाखांहून अधिक रुपये मोजून घेतली. त्याच वर्षी पिप्राहवा इथल्या बुद्धाच्या अस्थींसोबतची रत्ने लिलावाला निघाली. केंद्र सरकारने नोटीस देऊन लिलाव थांबवला, पण ती देशात आली ती एका भारतीय उद्योगसमूहाने विकत घेतल्यावर. तलवार आली याचा आनंद मलाही झाला. तरी प्रत्येक खरेदीबरोबर आपण विकणाऱ्याची मालकी मान्य करतो, आणि पुढच्या विकणाऱ्याला भाव कळतो. सरकार गिऱ्हाईक म्हणून उभे राहिले की दावेदार म्हणून त्याला उभे राहता येत नाही. ग्लासगोच्या संग्रहालयांनी २०२२मध्ये भारताला सात वस्तू मालकीसह परत देण्याचा करार केला, त्यांतल्या सहा १९व्या शतकात मंदिरांतून चोरलेल्या होत्या. तिथे एक पैसाही मोजावा लागला नाही, कारण वस्तू कशी गेली हे दाखवता आले. त्याच वर्षी जर्मनीने बेनिनच्या कांस्यमूर्तींची मालकी नायजेरियाला दिली. वारा या दिशेने वाहतो आहे. नाशिकचा हिरा खासगी हातांत गेला, त्यामुळे त्याचे काम कठीण आहे हे मला कळते. पण म्हणूनच त्याच्यावरचा दावा जाहीर आणि लेखी हवा. पुढच्या लिलावात तो निघेल तेव्हा त्या दाव्याची सावली त्याच्यावर असली पाहिजे.

हा न्याय आपल्यालाही लागू होतो, आणि इथे महाराष्ट्राला अवघडल्यासारखे होईल. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या मोठमोठ्या घंटा मराठी सरदारांनी आणल्या. आमच्या भीमेच्या उगमापाशी, भीमाशंकरला, १७२९ सालची त्यांतलीच एक घंटा आहे. मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, पालीच्या बल्लाळेश्वराकडे अशाच घंटा आहेत. शौर्याची खूण म्हणून आपण त्या दाखवतो. पोर्तुगीजांचा जुलूम खरा, वसईची मोहीम त्याविरुद्धच होती, हेही खरे. पण ज्या गावकऱ्यांच्या प्रार्थनेसाठी त्या घंटा वाजत ते वसईचे ख्रिस्ती लोक इथलेच होते, आजही आहेत, मराठीच बोलतात. त्यांनी मागितल्या तर आपण काय उत्तर देणार? अडीचशेहून अधिक वर्षे देवळात वाजलेली घंटा काढून द्या, असे मी एका वाक्यात म्हणणार नाही. ते तिथल्या लोकांनी आणि वसईकरांनी समोरासमोर बसून ठरवावे. पण प्रत्येक घंटेखाली ती कुठून आणि कशी आली याचा मराठीत स्पष्ट फलक लावायला कोणाची परवानगी हवी? तो लावलेला असेल तर लंडनमध्ये बोलताना आपल्या आवाजात जोर येईल.

वाघनखांची मुदत २०२७मध्ये संपते. ती परत करताना दोन्ही सरकारांचे अधिकारी पुन्हा एकत्र बसतील, कागदांवर सह्या होतील. तोवर करण्यासारखे काम समोर आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दप्तर आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले कंपनीचे दप्तर समोरासमोर ठेवून १८१७-१८च्या ठेव्याची यादी तयार करायची. त्यासाठी मोडी वाचणारी आणि जुने इंग्रजी हस्ताक्षर उलगडणारी दहा-बारा तरुण माणसे, दोन वर्षांचा पगार आणि एक जबाबदार संपादक पुरेल. एका तलवारीच्या किमतीशी हा खर्च ताडून पाहावा. यादीतली वस्तू, तिचा मूळ मालक, ती घेणारा, लिलावाची तारीख आणि शेवटचा ठावठिकाणा, एवढे रकाने भरले तरी पुरे. पहिल्या पानावर नाशिकचा हिरा असेल, दुसऱ्यावर नारो गोविंद औटीची मालमत्ता. ही यादी छापून विधिमंडळापुढे ठेवावी, आणि वाघनखे घेऊन लंडनला जाणाऱ्या शिष्टमंडळाकडे तिची प्रत द्यावी.